काउंटडाउनचे आकडे कॅमेऱ्यात फुटतात तेव्हा : एका बनावट बॉम्बचं प्रकरण

सर्व्हर रूम. रॅकच्या खालच्या खणात करड्या पत्र्याचा डबा, त्यावर सहा लाल आकडे: ००:३०:००. तिघा तपासनिसांपैकी एक जण गुडघ्यांवर बसून झाकण उघडतोय, दुसरी इअरपीसवरून सर्किटची आकृती वाचून दाखवतेय, तिसरा बंद दाराच्या कुलपाशी झटतोय. झाकण उघडल्यापासून तार कापली जाईपर्यंत पडद्यावर ७५ सेकंद जातात. एकूण १४ शॉट, आणि त्यांतल्या ६ शॉटमध्ये आकडे स्पष्ट वाचता येतात. मालिका आणि प्रसंग अभ्यासासाठी रचलेले आहेत. बिघाड रचलेला नाही. गॅजेटवाल्या तपासमालिकेच्या कुठल्याही युनिटला तो याच रूपात भेटतो आणि त्याचं गणित सगळीकडे तेच राहतं.

हा प्रकार जुनाच. 'मिशन: इम्पॉसिबल' (१९६६ ते १९७३), 'नाइट रायडर' (१९८२ ते १९८६), 'मॅकगायव्हर' (१९८५ ते १९९२) अशा मालिकांनी यंत्रालाच पात्राचा दर्जा दिला. ब्रिटनमधल्या 'बग्ज'ने (बीबीसी वन, १९९५ ते १९९९, एकूण ४० भाग) तर बेकेट, रॉस आणि एड या त्रिकुटाला लंडनच्या डॉकलँड्समधल्या काचेच्या इमारतींत सोडून दिलं आणि कथेची सगळी सूत्रं स्क्रीन, कार्ड, सेन्सर आणि टायमर यांच्या हाती ठेवली. अशा मालिकेत आकडे नीट दिसले नाहीत तर प्रसंगच उभा राहत नाही. नटाच्या चेहऱ्यावरचा घाम त्या आकड्यांच्या भरवशावर असतो.

काय बिघडलं

डबा टेबलावर ठेवून सुरू केला तेव्हा डोळ्यांना काहीच खटकलं नाही. कॅमेऱ्याच्या मॉनिटरवर मात्र एकदम चार तक्रारी उभ्या राहिल्या. आकड्यांच्या उजेडाची एक लाट डावीकडून उजवीकडे सरकत होती. दर सेकंदाला एकच आकडा झप्पकन उजळून बाकीचे विझत होते. शतांश सेकंदाचा शेवटचा आकडा सदान्‌कदा ८ किंवा ९ दिसत होता. आणि तार कापण्याचा शॉट सेकंदाला ५० फ्रेमवर, म्हणजे पडद्यावर निम्म्या वेगात, घेतला तेव्हा सहापैकी दोन-तीन आकडे चक्क गायब.

सेटवर अशा वेळी एकच वाक्य ऐकू येतं: 'फ्लिकर आहे.' इथूनच घोळ सुरू होतो. चार तक्रारींची चार कारणं होती. सगळ्यांना एकच नाव दिल्यामुळे एकीवरचं औषध दुसरीला बाधत गेलं.

आधी डब्याच्या आत काय होतं ते पाहू. सहा आकडे, प्रत्येकाचे सात सेगमेंट, असे ४२ छोटे दिवे. एवढ्या तारा ओढायच्या टाळण्यासाठी आकडे आळीपाळीने पेटवतात. यालाच मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. एका क्षणी एकच आकडा पेटलेला असतो, पण फेरी इतक्या वेगात फिरते की डोळ्याला सगळे एकदम दिसतात. या डब्यात प्रत्येक आकडा ३ मिलिसेकंद पेटत होता. सहा आकड्यांची फेरी १८ मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला साधारण ५५ फेऱ्या. सोबत बीप वाजवणारं एक एमपी३ मॉड्यूल, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि हे सगळं प्रोग्रामने चालवणारा एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड.

कॅमेरा २५ फ्रेमवर, शटर १८० अंशांवर. म्हणजे दर ४० मिलिसेकंदांत २० मिलिसेकंद प्रकाश आत येतो. त्या २० मिलिसेकंदांत १८ची एक पूर्ण फेरी बसते आणि २ मिलिसेकंद उरतात. त्या उरलेल्या वेळात जो आकडा पेटलेला असेल, त्याला ३ ऐवजी ५ मिलिसेकंदांचा उजेड मिळतो. शेजाऱ्याच्या तुलनेत पावणेदोन पटींच्या आसपास, कॅमेऱ्याच्या भाषेत पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पुढच्या फ्रेमपर्यंत फेरी ४ मिलिसेकंदांनी पुढे सरकलेली असते, त्यामुळे जास्तीचा उजेड पुढच्या आकड्यावर पडतो. हीच ती सरकणारी लाट. नऊ फ्रेमनंतर नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

दर सेकंदाच्या झपकीचा या गणिताशी काही संबंध नव्हता. ती बीपची करणी. प्रोग्राम दर सेकंदाला एमपी३ मॉड्यूलला हुकूम द्यायचा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत, साधारण ३० मिलिसेकंद, हातावर हात ठेवून थांबायचा. त्या वेळात आळीपाळी बंद. जो आकडा पेटलेला असेल तोच पेटलेला राहतो, बाकीचे काळोखात. एखाद्या फ्रेमचं सगळं एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, याच ३० मिलिसेकंदांत सापडलं की त्या फ्रेममध्ये एकुलता एक आकडा उरतो.

शेवटच्या आकड्याचं दुखणं आणखी वेगळं. शतांश सेकंद म्हणजे तो आकडा दर १० मिलिसेकंदांनी बदलतो. २० मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये दोन किंवा तीन आकडे एकावर एक छापले जातात. सात सेगमेंटमध्ये ३ वर ४ पडला की ९ तयार होतो, ६ वर ७ पडला की ८. मल्टिप्लेक्सिंग कितीही सुधारा, हे बदलणार नाही, कारण इथे दिवा ठीक आहे, आकडाच कॅमेऱ्यापेक्षा जास्त वेगाने धावतोय.

५० फ्रेमच्या शॉटमध्ये एक्स्पोजर १० मिलिसेकंदांवर आलं. १८च्या फेरीपैकी १० म्हणजे सहापैकी साधारण सव्वातीन आकड्यांची पाळी. बाकीच्यांना उजेड मिळालाच नाही, म्हणून ते नाहीत. यात कॅमेऱ्याचा दोष शून्य.

सेटवरचे तीन उपाय

पहिला उपाय शटरचा. शेवटचा आकडा स्वच्छ दिसावा म्हणून एक्स्पोजर १/५० वरून १/१०० वर आणलं. शेवटचा आकडा थोडा सुधारला आणि स्लो मोशनमधला रोग साध्या शॉटमध्ये आला, आकडे गायब. दुसरा उपाय उलटा, शटर पूर्ण ३६० अंश उघडं. आता ४० मिलिसेकंदांत दोन फेऱ्या आणि वर ४ मिलिसेकंद. लाट कमी झाली, पण दीडपट फरक राहिलाच, आणि नटाचे हात पुसट झाले. पक्कड चालवणारी बोटं पुसट दिसली तर त्या शॉटला काही अर्थ उरत नाही.

तिसरा उपाय डोकं लढवून काढलेला. फेरी १८ मिलिसेकंदांची असेल तर एक्स्पोजरही नेमकं १८ करायचं. २५ फ्रेमला १८ मिलिसेकंद म्हणजे १६२ अंश. प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर एक फेरी, लाट गायब. प्रत्यक्षात प्रोग्राममधल्या ३ मिलिसेकंदांवर आकडे पाठवण्याचा वेळ चढत असतो, त्यामुळे फेरी थोडी लांबलेली असते. नेमका कोन कागदावर सापडत नाही. मॉनिटरवर डोळा ठेवून अर्ध्या-अर्ध्या अंशाने शटर फिरवत लाट जिथे थांबेल तिथे थांबायचं. सेटवर दुसरं काही हाताशी नसेल तेव्हा हा चांगला तोडगा आहे.

फक्त एक गोष्ट आडवी आली. सर्व्हर रूमच्या छतावर जुन्या चोकच्या ट्यूबलाइट होत्या. ५० हर्ट्झच्या विजेवर त्या सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. १/५० च्या एक्स्पोजरमध्ये त्यांची बरोबर दोन मिणमिणं बसतात, म्हणून काही दिसत नाही. १८ मिलिसेकंदांत बसत नाहीत. आकडे शांत झाले आणि मागच्या भिंतीवर फिकट-गडद पट्टे सावकाश सरकायला लागले. ट्यूब बंद करून डीसीवर चालणारे एलईडी पॅनेल लावले तेव्हा त्या दिवशीचे साधे शॉट निघाले. स्लो मोशनचा शॉट आणि इन्सर्ट, म्हणजे आकड्यांचे अगदी जवळून घ्यायचे शॉट, दुसऱ्या दिवसावर ढकलले.

डबा पुन्हा बांधला

मुळातली चूक अशी की प्रॉप, म्हणजे दृश्यात वापरायची ही वस्तू, घड्याळ म्हणून बांधला होता. दृश्याला घड्याळ नको असतं. त्याला लागते सांगेल तो आकडा दाखवणारी पाटी. हे एकदा पटलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

मल्टिप्लेक्सिंग काढून टाकलं. प्रत्येक आकड्याला स्वतःची ७४एचसी५९५ ही चिप, अशा सहा चिपा एकामागून एक साखळीत. प्रत्येक चिपला आठ आउटपुट, म्हणजे ४८. त्यांतले ४२ सेगमेंटना, उरलेले ६ दशांशचिन्हांच्या ठिपक्यांना. आता प्रत्येक सेगमेंट पेटला की सलग पेटलेला राहतो. शटर काहीही असो, फ्रेमचा वेग काहीही असो, लाट येण्याचा प्रश्नच नाही.

इथे खरेदीत हमखास चूक होते. चार आकड्यांचं एकत्र मॉड्यूल स्वस्त आणि सोयीचं वाटतं, पण त्याला बारा पाय असतात. आत चारही आकड्यांचे सेगमेंट एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे ते आळीपाळीनेच चालू शकतं. सुटा, दहा पायांचा, कॉमन कॅथोडचा (सगळ्या सेगमेंटचं ऋण टोक एकत्र असलेला) आकडाच घ्यायचा. ०.५६ इंची (१४.२ मिलिमीटर) आकार मिड शॉटलाही वाचता येतो.

रेझिस्टर प्रत्येक सेगमेंटला वेगळा. एकच रेझिस्टर कॉमन पायावर लावला तर १ झगझगीत आणि ८ मंद दिसतो, कारण तोच करंट दोनऐवजी सात दिव्यांत वाटला जातो. किंमत किती ठेवायची? ३३० ओहमने ५ व्होल्टवर सेगमेंटला साधारण ९ मिलिअँपिअर मिळतात. आठही आउटपुट पेटले तर ७२. या चिपची एकूण मर्यादा ७० आहे. चिप लगेच जळत नाही, तापते, आणि सहाव्या टेकला एखादा सेगमेंट दगा देतो. ६८० ओहम लावले की सेगमेंटला ४ ते साडेचार मिलिअँपिअर, चिपला ३५च्या आसपास. कॅमेऱ्याला एवढं पुरून उरतं. उलट जास्त उजेड हीच अडचण: लाल एलईडी जरा जास्त झाला की सेन्सरवर गाभा पांढरट-गुलाबी होतो आणि कडेला नुसती लाल झालर राहते. त्यासाठी आकड्यांवर ०.६ ची न्यूट्रल डेन्सिटी जेल (रंग न बदलता उजेड कमी करणारी राखाडी फिल्म), म्हणजे दोन स्टॉप कमी. उजेड कमी करायला पीडब्ल्यूएम, म्हणजे दिवा वेगाने चालू-बंद करण्याची पद्धत, वापरायची नाही. ते पुन्हा दिवा मिणमिणवणंच आहे, मागच्या दाराने.

प्रत्येक चिपच्या शेजारी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. तो विसरला की सगळे सेगमेंट एकदम पेटण्याच्या क्षणी साखळीत चुकीचा बिट शिरतो आणि ००:१९ च्या जागी अगम्य अक्षर उमटतं. सहाही चिपांचा लॅच (नवा आकडा दाखवण्याचा इशारा) एकाच तारेवर, म्हणजे सहा आकडे एकाच क्षणी बदलतात. याचा उपयोग पुढे येईल.

नऊ व्होल्टची बॅटरीही बाद. तिची क्षमता पाचेकशे मिलिअँपिअर-तास, आणि ५ व्होल्टवर आणताना उरलेली ऊर्जा उष्णता म्हणून जाते. मुख्य म्हणजे दिवसभरात व्होल्टेज ढासळतं. सकाळचा शॉट आणि दुपारचा शॉट यांत लाल रंगाची धग वेगळी दिसते. तिच्या जागी रिचार्जेबल एए सेल चार, एकूण ४.८ व्होल्ट. सगळे सेगमेंट पेटले तरी भार २०० मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे २००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर नऊ-दहा तास.

एक गोष्ट बिघाडांच्या यादीत कधीच येत नाही, पण डोळ्यात सलते: न पेटलेले सेगमेंट. सेटच्या दिव्यांखाली ते फिकट राखाडी दिसतात आणि प्रत्येक आकड्यामागे ८ ची भुतं उभी राहतात. २ मिलिमीटरचं धुरकट किंवा लाल अ‍ॅक्रिलिक समोर बसवलं की बाहेरचा उजेड त्यातून दोनदा जातो, आकड्याचा एकदाच, भुतं जातात. पट्टी पाच-दहा अंश खाली झुकवायची, नाहीतर कॅमेरामनला तिच्यात स्वतःचाच दिवा दिसतो.

शेवटचा आकडा खोटा

राहिला शतांश सेकंद. खरे शतांश दाखवायचेच नाहीत, हे उत्तर. २५ फ्रेमच्या चित्रणात एका सेकंदाची २५ चित्रं असतात. शंभर वेगळे आकडे दाखवायला जागाच नाही. म्हणून आकडा फ्रेममध्ये एकदाच, दर ४० मिलिसेकंदांनी बदलायचा. सरळ वजाबाकी केली तर ००, ९६, ९२, ८८ असा क्रम येतो आणि शेवटी कायम सम आकडाच दिसतो. एखाद्या फ्रेमवर थांबून पाहणारा प्रेक्षक ते बरोबर पकडतो. म्हणून शतांशाचा आकडा गणिताने काढायचा नाही, विस्कटलेल्या यादीतून उचलायचा. लागोपाठ दोनदा तोच येऊ नये एवढंच पथ्य. दशांशाचा आकडा मात्र खरा ठेवायचा, तो वाचता येतो.

आता बदलाची वेळ. आकडा एक्स्पोजर चालू असताना बदलला तर पुन्हा दोन आकडे एकावर एक. बदल शटर मिटलेलं असताना व्हायला हवा. फिल्म कॅमेऱ्यात २० मिलिसेकंदांची मोकळी खिडकी असते. डिजिटल सेन्सरचं तसं नाही. तो ओळीओळीने वाचला जातो. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत १५ मिलिसेकंद लागत असतील तर कुठली ना कुठली ओळ ३५ मिलिसेकंद उघडीच असते. पूर्ण फ्रेमसाठी फक्त ५ मिलिसेकंद मोकळे. डबा फ्रेमच्या उंचीच्या ४० टक्के भागात असेल तर तेवढ्या ओळी ६ मिलिसेकंदांत वाचल्या जातात आणि खिडकी १४ मिलिसेकंदांची होते. म्हणून मिड शॉटमध्ये सहज जुळणारं मॅक्रो इन्सर्टमध्ये बिघडतं: आकड्याचं वरचं अर्धं ७ चं, खालचं ६ चं.

डब्याच्या रिमोटवर त्यासाठी एक चाक ठेवलं, एका टिचकीला एक मिलिसेकंद. मॉनिटरवर मोठं करून पाहत चाक फिरवायचं. आकडे स्वच्छ झाले की थांबायचं. पहिल्या प्रयत्नात आकडे स्वच्छ झाले आणि सेकंदाभरात पुन्हा फुटले. कारण बोर्डवरचं घड्याळ. अनेक छोट्या बोर्डांवर क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो आणि त्यात अर्धा टक्का फरक पडू शकतो. ४० मिलिसेकंदांचा अर्धा टक्का म्हणजे फ्रेममागे ०.२, पंचवीस फ्रेममध्ये ५ मिलिसेकंद, म्हणजे सगळी खिडकी संपली. डीएस३२३१ ही घड्याळाची चिप जोडली. तिचा फरक दहा लाखांत दोन इतकाच. तिच्या दर सेकंदाच्या ठोक्याला पंचवीस फ्रेमची मोजणी पुन्हा जुळवून घेतली. त्यानंतर टेक संपेपर्यंत आकडे हलले नाहीत. कॅमेरा २३.९७६ फ्रेमवर असेल तर हे सरळ भागाकाराने जमत नाही, फ्रेमचा ४१.७०८ मिलिसेकंदांचा काळ वेगळा मोजावा लागतो. ज्यांच्याकडे जेनलॉकची, म्हणजे कॅमेरा आणि डबा एकाच सिग्नलच्या ठोक्यावर चालवण्याची, सोय आहे त्यांनी चाकाच्या भानगडीत पडूच नये.

रिमोट तारेचा, तीन मीटर. बिनतारी मायक आणि बिनतारी फोकस यांच्या गर्दीत आणखी एक रेडिओ आणणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

सत्तावीस सेकंद, पंचाहत्तर सेकंदांत

काउंटर ३० वरून ३ वर येऊन थांबतो, म्हणजे २७ सेकंदांचा, दृश्य ७५ सेकंदांचं. काउंटर सरसकट मंद केला तर एक सेकंद पावणेतीन सेकंद रेंगाळेल, आणि ते कुणालाही कळेल. इथे दोन वेगळे वेग वापरले. आकडे दिसणाऱ्या सहा शॉटची संपादित लांबी २४ सेकंद. तिथे काउंटर ०.८ वेगाने चालतो, म्हणजे त्याचा एक सेकंद सव्वा सेकंदाचा. शतांश भराभर पळत असल्यामुळे ही ढील डोळ्याला लागत नाही. २४ सेकंदांत काउंटर १९.२ उतरतो. उरलेले ७.८ सेकंद आकडे न दिसणाऱ्या ५१ सेकंदांवर पसरले जातात. चेहरा, दार, इअरपीस, पुन्हा चेहरा. त्या वेळात प्रेक्षक मोजत नसतो.

हिशेब स्क्रिप्ट सुपरवायझरच्या वहीत, प्रॉपवाल्याच्या डोक्यात नव्हे. प्रत्येक शॉटसमोर तीन नोंदी: सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, वेग. शिवाय एडिटरसाठी दोन्ही टोकांना दोन-दोन सेकंदांची जागा. ज्या शॉटची सुरुवात ००:२२ ला हवी, तो ०.८ वेगाने दोन सेकंद आधी, म्हणजे ००:२३:६० वर सुरू करायचा. हे 'अ‍ॅक्शन'च्या आधी, कॅमेरा फिरल्याबरोबर.

तरीही एडिटर शॉट मागेपुढे करणारच, आणि आकडे चित्रात कोरलेले आहेत. त्यावर विमा म्हणून ३० पासून शून्यापर्यंत एक सलग मॅक्रो इन्सर्ट, कॅमेरा घट्ट बांधून, दोन प्रकाशयोजनांत. दोन्ही मिळून पंधरा मिनिटांचं काम. नंतर कॉम्प्युटरवर आकडे बदलायचे म्हटलं तर समोरून जाणारं प्रत्येक बोट फ्रेमगणिक कापून काढावं लागतं.

बोटांवर आणि हनुवटीवर दिसणारी लाल धग डब्यातून येत नाही. चार मिलिअँपिअरच्या सेगमेंटमध्ये तेवढा दम कुठला? ती फ्रेमबाहेर धरलेल्या छोट्या लाल दिव्याची, आणि तोही डीसीवरच हवा.

बीप सेटवर वाजवायचीच नाही. संवादांवर चढते, आणि शॉट कापले की तिचा ताल तुटतो. ती शेवटी साउंड मिक्समध्येच येते. एमपी३ मॉड्यूल काढलं आणि झपकीची तक्रार त्याच्यासोबत गेली. ज्या भागाने बिघाड केला त्याची मुळात गरजच नव्हती. नटाला ठेका लागत असेल तर सहायक दिग्दर्शकाने बोटं मोडून दाखवावीत.

तार कापण्याचा शॉट

तीन तारा: पिवळी, निळी, पांढरी. कथेत निळी. डब्यात फक्त निळीच जोडलेली, बाकीच्या दोन शोभेच्या. निळी तार एका रेझिस्टरमधून कंट्रोलरच्या एका इनपुटला ग्राउंडशी, म्हणजे शून्य व्होल्टशी, बांधून ठेवते. तुटली की पातळी वर जाते आणि आकडे थांबतात. त्याची किंमत आतल्या पुल-अपपेक्षा, म्हणजे इनपुटची पातळी वर ओढणाऱ्या कंट्रोलरमधल्या रेझिस्टरपेक्षा, बरीच कमी असावी लागते. अनेक कंट्रोलरमध्ये तो पुल-अप २० ते ५० किलोओहमचा असतो, त्यामुळे १० किलोओहम लावले तर तार शाबूत असतानाही पातळी अधांतरी राहू शकते. म्हणून इथे ती किंमत १ किलोओहम केली. बॅटरीचा भार वाहणारी तार नटाच्या पकडीत कधीच द्यायची नाही. ठिणगी उडाली तर टेक जातो आणि नटाचा विश्वासही.

पटकथेत आकडा ००:०३ वर थांबतो. नट दर टेकला वेगळ्या क्षणी कापतो. म्हणून काउंटर ३ वर आला की तिथेच तळ ठोकतो, फक्त दशांश-शतांश फिरत राहतात. तार तुटली की थेट ००:०३:१६ वर गोठतो. नट लवकर कापू नये म्हणून ४ च्या आधी इनपुटकडे लक्षच द्यायचं नाही, आणि ४ असताना तुटली तर ३ येईपर्यंत थांबून मग गोठायचं. पक्कड तारेवर घासताना संपर्क जातो-येतो, त्यासाठी २० मिलिसेकंद सलग तुटलेली राहिली तरच मानायची.

तारा १८ सेंटिमीटरच्या, दोन्ही टोकं सोललेली, डब्यात स्क्रू टर्मिनल. बारा टेक धरले तर ३६ तुकडे. त्यांतल्या निळ्या बारा वेगळ्या पाकिटात. आणि डबे एकूण चार: चालू स्थितीतले दोन, फेकाफेकीसाठी फोमचा एक, चौथ्याचं पुढे येतंच. आतली मांडणी मुद्दाम निरर्थक ठेवलेली असते. ती शिकवण्यासारखी असता कामा नये. तळाला कायमच्या शाईत 'चित्रीकरणाचा प्रॉप' आणि युनिटचा क्रमांक. सेटवरून हलवताना कुलूपबंद पेटीत, आणि जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या तरी नजरेसमोर. उघड्या जागी शूटिंग असेल तर स्थानिक पोलिसांना आधी कळवल्याशिवाय पेटी उघडायची नाही.

मागच्या रॅकवरच्या स्क्रीनबद्दल थोडक्यात. आजचे अनेक एलसीडी ब्राइटनेस कमी केला की बॅकलाइट मिणमिणवतात, म्हणून ब्राइटनेस पूर्ण ठेवून वर जेल लावायची. 'बग्ज'च्या काळात हे दुखणं मोठं होतं: ६० किंवा ७० हर्ट्झच्या सीआरटी (काचेच्या चित्रनळीच्या) मॉनिटरवर २५ फ्रेमच्या कॅमेऱ्याने पाहिलं की काळा-पांढरा पट्टा फिरत राहायचा. मॉनिटर ५० हर्ट्झवर आणून शटर १/५० ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर एक चित्र बसतं. २४ फ्रेम आणि ६० हर्ट्झच्या मुलखात हेच काम १४४ अंशांच्या शटरने, म्हणजे १/६० सेकंदाने होतं.

दुसऱ्या दिवशी ५० फ्रेमचा शॉट घेताना एक सेटिंग बदलावी लागली. आकडा ४० ऐवजी २० मिलिसेकंदांनी बदलायला हवा, नाहीतर प्रत्येक आकडा दोन फ्रेम दिसतो आणि स्लो मोशन अडखळल्यासारखं वाटतं. शिवाय एक्स्पोजर १० आणि वाचन १५ मिळून २५ होतात, म्हणजे पूर्ण फ्रेमला मोकळी खिडकीच उरत नाही. कॅमेरा थोडा मागे घेतला. आकड्यांची पट्टी फ्रेमच्या उंचीच्या पाचव्या भागात आली, तेवढ्या ओळी ३ मिलिसेकंदांत वाचल्या जातात, आणि ७ मिलिसेकंदांची खिडकी मिळाली. चौथ्या टेकला शॉट ओके.

पुढच्या दृश्यात तोच डबा पुराव्याच्या पारदर्शक पिशवीत टेबलावर पडलेला दिसतो आणि त्यावर ००:०३:१६ हेच आकडे हवेत. चालू डबा इथे कुचकामी. सेल बदलले की तो पुन्हा ००:३०:०० वर उठतो, आणि तीन पानांच्या संवादात कुणाच्या तरी कोपराने रिमोटची तार हलतेच. चौथा डबा याच्यासाठी. त्यात कंट्रोलर नाही, चिप नाही. ०, ०, ०, ३, १, ६ यांचे मिळून ३१ सेगमेंट, ३१ रेझिस्टर, चार सेल आणि मागे एक स्विच.